एलएमजी टाकून धावणारी दोस्ती: युद्धमालिकेच्या निर्मात्यांना आणि वाहिनीला खुले पत्र

प्रति,
मालिकेचे निर्माते, लेखक, दिग्दर्शक आणि वाहिनीचे कार्यक्रम प्रमुख यांस,

सप्रेम नमस्कार.

१९७१ च्या युद्धावरची तुमची मालिका आमच्या सीमाभागात घराघरांत बघितली गेली. खानापूरच्या खेड्यांत, बेळगावच्या उपनगरांत, निपाणी-चिक्कोडीकडे. कन्नडमध्ये डब केलेली मालिकाही इथे तितक्याच आवडीने लोकांनी बघितली. मालिकेचं नाव मी लिहीत नाही. ज्यांनी बघितली त्यांना ते सांगायची गरज नाही, आणि तिच्यात काम केलेल्या पोरांवर माझा राग नाही. त्यांनी जीव ओतून काम केलंय. माझं म्हणणं आहे ते लिहिणाऱ्यांशी आणि दाखवणाऱ्यांशी. येत्या मैत्री दिनाला तिचा एक भाग तुम्ही दोस्तीचा खास भाग म्हणून पुन्हा दाखवणार आहात, अशी जाहिरात सुरू आहे. त्या निर्णयाबद्दल हे पत्र आहे. वाहिनीला आधी साधं पत्र पाठवलं होतं. त्याला उत्तर म्हणून 'मालिका काल्पनिक आहे' एवढी एक ओळ आली. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितोय.

ज्यांनी तो भाग बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पूर्व पाकिस्तानातली रात्र. एका बांधावर मराठा पलटणीची सेक्शन, म्हणजे जवानांची छोटी तुकडी, मोर्चे खोदून बसली आहे, समोर वेढ्यात अडकलेला शत्रू. मालिकेचा नायक एलएमजीवर, म्हणजे हलक्या मशीनगनवर, आहे. पुढे कानोसा घ्यायला गेलेल्या त्याच्या दोस्ताला गोळी लागते, तो अंधारात कण्हतो. सुभेदार साहेब नायकाला सांगतात, जागा सोडू नकोस. नायक ओरडतो की कर्तव्य गेलं खड्ड्यात, माझा दोस्त तिथे पडलाय. तो साहेबांना ढकलतो, एलएमजी टाकून धावतो, दोस्ताला खांद्यावर घालून आणतो. मागे संगीत, सगळी सेक्शन डोळे पुसते, सुभेदार मान खाली घालून उभा. दोस्त पहाटे जातो. सकाळी हात वर करून आलेल्या एका शत्रूसैनिकाला नायक जवळून गोळी घालतो आणि म्हणतो, आता हिशोब झाला. भाग संपतो.

मी मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. आमचं रेजिमेंटल सेंटर १९२२ पासून बेळगावात आहे. पहाटे कॅम्पच्या बाजूने गेलं की रंगरुटांच्या परेडचा आवाज कानावर येतो. गावागावांत पेन्शनर आहेत, ज्यांच्या घरी फोटोला हार आहे अशी घरंही आहेत. फौज आमच्या घरातली आहे. त्यामुळे तुमच्या मालिकेतली माणसं आम्ही आमचीच समजून बघत होतो. सुरुवातीचे भाग मला मनापासून आवडले होते. लंगरमधली थट्टा, डाकेची वाट, ओले बूट पोटाशी धरून झोपणं, हे तुम्ही बरोबर पकडलं होतं. तुम्हाला सैनिकांबद्दल माया आहे हे त्यात दिसत होतं. म्हणूनच त्या भागाने जास्त लागलं.

तुम्ही त्या भागात दोस्ताशी इमान आणि कर्तव्य अशा दोन गोष्टी समोरासमोर उभ्या केल्यात आणि नायकाला त्यातली एक निवडायला लावलीत. पायदळात असं निवडायला कुणी मोकळा नसतो. एलएमजी ही एका माणसाची बंदूक नसते. सेक्शनचा निम्मा मारा तिच्यावर असतो. तिने डावीकडे कुठवर आणि उजवीकडे कुठवर झाकायचं हे ठरलेलं असतं, शेजारच्या सेक्शनची एलएमजी तिच्यापुढची जमीन झाकते आणि ही तिच्यापुढची. म्हणजे मी माझ्या बंदुकीमागे असतो तेव्हा शेजारच्या मोर्च्यातला माणूस जिवंत राहतो. मी उठलो की ज्याचा चेहराही मला अंधारात दिसत नाही असा माझाच एक भाऊ उघडा पडतो. नंबर एक, म्हणजे एलएमजी चालवणारा, पडला तर त्याचा जोडीदार नंबर दोन त्याला बाजूला सारून बट खांद्याला लावतो. तो निर्दय असतो म्हणून नव्हे. बाजूला सारलेला माणूस अजून जिवंत असेल, तर त्याला जिवंत ठेवायचा तेवढा एकच मार्ग त्याच्या हातात असतो.

तुमच्या भागात एलएमजी बराच वेळ गप्प पडून होती. एवढ्या वेळात शत्रू त्या बांधावर आलाच नाही. लेखकाने त्याला येऊ दिलं नाही. माझी सर्वांत मोठी तक्रार हीच आहे. नायकाने जागा सोडल्याची किंमत कुणीही मोजली नाही. तुम्ही ती दाखवली असती, डावीकडच्या मोर्च्यातली दोन पोरं त्याच रिकाम्या जागेतून आलेल्या शत्रूने मारलेली दाखवली असती, आणि मग नायक दोस्ताला खांद्यावर घेऊन परत आला असता, तर मी हे पत्र लिहिलं नसतं. तो भाग सोसायला कठीण गेला असता, पण खरा झाला असता.

तुम्ही ज्या लढाईवरून तो प्रसंग उचललात, ती मला ओळखू येते. जमालपूर. १ मराठा, आमची जंगी पलटण, लेफ्टनंट कर्नल के. एस. ब्रार यांच्या हाताखाली जमालपूरच्या दक्षिणेला रस्ता अडवून बसली होती. ९ डिसेंबर १९७१ ला आपल्या ब्रिगेड कमांडरने शरण या म्हणून पत्र पाठवलं, आणि पाकिस्तानी कमांडरने उत्तराच्या पत्रात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. १० आणि ११ डिसेंबरच्या मधल्या रात्री तिथली फौज वेढा फोडून निघाली ती सरळ आमच्या पलटणीच्या मोर्च्यांवर आली. पोरं जागेवर राहिली म्हणून वेढा फुटला नाही. 'जमालपूर' हा युद्धसन्मान पलटणीला त्या रात्रीसाठी मिळाला. त्या रात्रीही मोर्च्यासमोर कुणाचा तरी दोस्त पडला असेल, आणि एलएमजीमागच्या माणसाने त्याचं कण्हणं ऐकत चापावर बोट ठेवलं असेल. तुम्ही त्या रात्रीवर मालिका केलीत आणि नेमका तोच माणूस काढून टाकलात.

आर्मी अॅक्ट १९५० च्या कलम ३४ मध्ये सोपवलेली जागा लाजिरवाण्या रीतीने सोडणं हा मृत्युदंडापर्यंत शिक्षा होऊ शकणारा गुन्हा आहे. हे मी धाक घालायला सांगत नाही. एवढा कडक कायदा का आहे तेवढं लक्षात घ्या. एकाने सोडलेल्या जागेतून शत्रू आत येतो आणि मरतात बाकीचे.

आता कुणी म्हणेल, सुभेदार, मग जखमीला तसाच सोडायचा? नाही. जखमीला आणायची सगळी व्यवस्था पलटणीत असते आणि ती मालिकेत एकदाही दिसली नाही. प्रत्येकाच्या ठरलेल्या खिशात पहिली पट्टी असते, आणि जखमीला त्याचीच पट्टी बांधायची असते, आपली नाही, कारण आपल्यालाही ती लागू शकते. कंपनीबरोबर नर्सिंग असिस्टंट असतो. स्ट्रेचरवाले असतात. परेडला जो बँड वाजवतो तेच लोक लढाईत स्ट्रेचर उचलतात. ते मागून येणार याची खात्री असते म्हणून हल्ल्यातला माणूस पुढे जाऊ शकतो. एकाने धावून जाण्यापेक्षा मोठी अशी ही दोस्ती सगळ्या कंपनीची आहे आणि ती आधीपासून बांधून ठेवलेली आहे. ते दृश्य कुणी चांगल्या लेखकाने लिहिलं तर लोक नक्की बघतील.

आणि खांद्यावर उचलून आणलेलेही आमच्यात आहेत. नगर जिल्ह्यातले नामदेव जाधव, १/५ मराठाचे, म्हणजे पाचव्या मराठा रेजिमेंटच्या पहिल्या पलटणीचे शिपाई, कंपनीचे रनर, म्हणजे निरोप पोचवणारे. ९ एप्रिल १९४५, इटलीतली सेनिओ नदी. समोरच्या बांधावरच्या माऱ्यात त्यांच्या बरोबरची तुकडी जवळजवळ संपली. कंपनी कमांडरही जखमी झाले. जाधवांनी दोन जखमींना माऱ्यातून, खोल पाण्यातून, उभ्या बांधावरून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी नेलं. मग ते परत गेले. मशीनगनच्या तीन चौक्या बंद पाडल्या आणि बांधावर चढून आमची युद्धघोषणा देत मागच्या कंपन्यांना पुढे बोलावलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांच्या सन्मानपत्रात मेलेल्या साथीदारांचा सूड घ्यायच्या निर्धाराचाही उल्लेख आहे, तो मी लपवत नाही. पण जागा सोडून गेलेला तो माणूस नव्हता. दोस्तांना पोचवून तो पुन्हा कामावर आला, आणि काम तडीस गेलं म्हणून बाकीच्या कंपन्यांची माणसं वाचली.

त्याच्या आधी १० जुलै १९४४ ला वरच्या टायबर खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे, वय बावीस. जवळच्या मशीनगनने त्यांच्या सेक्शनमधले सगळे मारले किंवा जखमी केले, फक्त ते उभे. आजूबाजूला आपली पोरं पडलेली असताना ते एकाही जखमीजवळ बसले नाहीत. ग्रेनेड टाकत मशीनगनवर गेले, मॅगझीन बदलायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने मारलं, आणि तिथेच त्यांना गोळी लागली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला. तुमच्या मालिकेच्या हिशोबाने घाडगे दोस्तांना सोडून गेलेला माणूस ठरतो. हे तुम्ही एकदा बसून स्वतःशी बोलून बघा.

माझा या सगळ्याशी काय संबंध, तेही सांगतो. कुपवाड्याकडे एका उतारावर आमची सेक्शन वरच्या ढोकावर, म्हणजे मेंढपाळांच्या झोपडीकडे, चढत होती. माझा बडी, म्हणजे जोडीचा साथीदार, माझ्या उजव्या हाताला होता. बैलहोंगल तालुक्यातला, घरी कन्नड बोलणारा, मराठी माझ्यापेक्षा जोरात बोलणारा. त्याचं नाव लिहीत नाही, तो हक्क त्याच्या घरच्यांचा आहे. वरून फैर आली आणि तो पडला. मांडीतून रक्त. मी मागे बघून नर्सिंग असिस्टंटला हाक मारली आणि पुढे गेलो. थांबलो नाही. ज्या बंदुकीने त्याला पाडलं ती अजून सुरू होती, तो उघड्यावर होता आणि त्याच्यामागे आणखी पोरं होती. ढोक शांत झाल्यावर मी धावत खाली आलो तेव्हा त्याला पट्टी बांधलेली होती, नर्सिंग असिस्टंट त्याच्याशी बोलत होता. रुग्णालयात पोचायच्या आधी तो गेला.

हे सगळं मी त्याच्या आईला तिच्या घरी बसून सांगितलं होतं, मोडक्या कन्नडमध्ये, काही न लपवता. तिने एकच विचारलं, तो एकटा होता का. नव्हता, असं मी सांगितलं. त्यानंतर सौंदत्तीच्या यल्लम्माच्या जत्रेला गेलो की तिच्याकडे जातो, ती भाकरी वाढते, माझ्या मुलांची चौकशी करते. मी तिला अव्वाच, म्हणजे आईच, म्हणतो. तुमचा तो भाग कन्नडमध्ये लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. म्हणाली, बाळा, तू थांबला असतास तर तो वाचला असता का रे?

मी तिला पुन्हा सगळं सांगितलं. ती ऐकत होती. पण इतक्या वर्षांनी तिच्या मनात जो प्रश्न उभा राहिला तो तुम्ही तिथे नेऊन ठेवलात. अशा किती आया, किती बायका असतील, आणि पुढे गेलेले आमच्यासारखे किती जण असतील, ज्यांना रात्री तसाही तोच प्रश्न पडतो. त्यांना तुम्ही दोन तासांच्या करमणुकीत उत्तर देऊन टाकलंत: खरा दोस्त असतास तर थांबला असतास.

दुसरीकडे भरतीची पोरं आहेत. आमच्या गावाबाहेरच्या रस्त्यावर ती पहाटे धावतात, अग्निवीर भरतीची तयारी करतात. त्यातल्या बऱ्याच जणांच्या स्टेटसला तुमच्या नायकाचं 'कर्तव्य गेलं खड्ड्यात' हे वाक्य आहे. एक जण मला म्हणाला, "मामा, मी पण असाच होणार बघा. ऑर्डर गेली उडत, दोस्त पहिला." पोरगा चांगला आहे. उद्या तो खरंच एखाद्या मोर्च्यात बसेल आणि त्याच्या शेजारी दुसऱ्या कुणाचा तरी मुलगा असेल. सेंटरमध्ये उस्ताद त्याला शिकवतील, मला विश्वास आहे. पण त्याच्या मनात तुम्ही जे घातलंय ते आधी उपसून काढावं लागेल.

सुभेदाराबद्दलही मला बोलायचं आहे. तुमच्या मालिकेत तो एक तर विनोदी आहे किंवा कठोर. पोरांना त्याच्याबद्दल आदर नाही, भीती आहे, आणि शेवटी त्याला ढकलून दिलं की बघणाऱ्याला बरं वाटावं अशी मांडणी आहे. खरा सुभेदार शिपाई म्हणून भरती झालेला असतो, मोर्चे खोदून, संत्री उभा राहून वर आलेला असतो. कुणाच्या घरी बहिणीचं लग्न ठरलंय, कुणाच्या शेताचा तंटा कोर्टात आहे, कुणाच्या डोक्यात काय चाललंय हे त्याला कळतं, कारण त्याची रजा मंजूर करायला तोच अधिकाऱ्यांशी भांडतो. 'जागा सोडू नकोस' असं जो सांगतो त्याने त्या कण्हणाऱ्या पोराला स्वतः हाताला धरून निशाणा शिकवलेला असतो. ते सांगताना त्याच्या पोटात काय होतं हे दाखवायला तुमच्याकडे एवढा चांगला नट होता. त्याला तुम्ही मान खाली घालून उभा केलात.

कन्नड बोलणाऱ्या जवानाला तुम्ही हसण्यासाठी ठेवलंत, हेही इथल्या लोकांना खटकलं, मराठी माणसांना सुद्धा. आमच्याकडे भाषेचा वाद आहे, १९५६ पासून आहे. मराठी शाळांसाठी, मराठी पाट्यांसाठी आमचं जे म्हणणं आहे ते आहे, ते मी सोडलेलं नाही. पण आमच्या रेजिमेंटमध्ये मराठ्यांबरोबर बेळगाव-धारवाडची आणि कोडगूची पोरं येतात आणि एका ताटात जेवतात. १६ मराठाचे कमांडिंग ऑफिसर कर्नल एन. जे. नायर केरळचे होते. २० डिसेंबर १९९३ ला नागालँडमध्ये त्यांच्या ताफ्यावर घात झाला, ते स्वतः गंभीर जखमी झाले, तशा अवस्थेत जवानांना घेऊन त्यांनी तो घात मोडला आणि तिथेच गेले. त्यांना मरणोत्तर अशोक चक्र मिळालं, कीर्ती चक्र आधीच होतं. मराठा जवानांसाठी मेलेला हा मल्याळी माणूस. आणि तुमच्या मालिकेत शेजारच्या तालुक्यातला कन्नड पोरगा फक्त चुकीची क्रियापदं बोलायला.

हात वर केलेल्या माणसाला मारण्याबद्दल मला थोडक्यातच लिहायचं आहे, कारण तिथे वाद घालायला काही नाही. युद्धकैद्यांना संरक्षण देणाऱ्या १९४९ च्या जिनिव्हा करारावर भारताची सही आहे. १६ डिसेंबर १९७१ नंतर सुमारे ९३ हजार युद्धकैदी आपल्या ताब्यात होते. ज्यांचे दोस्त चार दिवसांपूर्वी गेले होते त्याच आपल्या पोरांनी त्यांच्यावर पहारा केला, त्यांना जेवण दिलं आणि पुढे परत पाठवलं. त्यांच्या वतीने सांगतो, त्या गोळीला 'हिशोब' म्हणू नका.

दोस्तीचा खास भागच करायचा असेल तर आमच्या शेजारच्या जिल्ह्यातली एक गोष्ट सांगतो. ३ फेब्रुवारी २०१६ ला सियाचीनमध्ये जवळजवळ वीस हजार फुटांवर १९ मद्रासच्या चौकीवर हिमकडा कोसळला. दहा जण खाली गाडले गेले. त्यांच्यात कुंदगोळ तालुक्यातल्या बेटदूरचे लान्स नायक हणमंतप्पा कोप्पद होते, साताऱ्याच्या माण तालुक्यातला एक जवानही होता. जिथे चार पावलं चाललं तरी दम लागतो तिथे सैनिक सहा दिवस दगडासारखा बर्फ फोडत राहिले. आपला माणूस खाली आहे एवढंच त्यांना माहीत होतं. हणमंतप्पा जिवंत सापडले. ११ फेब्रुवारीला दिल्लीत त्यांनी प्राण सोडला. बाकीच्या नऊ जणांना बर्फातून काढून घरी पोचवलं. त्या सहा दिवसांत कुणी हुकूम मोडला नाही, आणि दोस्ताला सोडलंही नाही.

बंदी घाला असं मी म्हणत नाही. सेन्सॉरची कात्री मला नको आहे. २०२० मध्ये संरक्षण मंत्रालयाने सैन्यावरच्या चित्रपट आणि वेब मालिकांसाठी आधी ना हरकत प्रमाणपत्र घ्यावं असं कळवलं होतं. त्यातून वर्दीचा अपमान कदाचित अडेल, पण दोस्तीबद्दलची चुकीची समजूत कुठल्या कार्यालयात अडणार नाही. ती लेखकाच्या टेबलावरच दुरुस्त व्हायला हवी. म्हणून माझ्या मागण्या तुमच्याकडेच आहेत.

तो भाग मैत्री दिनाला खास भाग म्हणून दाखवू नका. मालिकेच्या ओघात, वेळापत्रकाप्रमाणे पुन्हा लागला तर माझी हरकत नाही. पण तो एकटा उचलून, दोस्तीचा आदर्श म्हणून लोकांसमोर ठेवू नका. त्याच्या जाहिराती आणि ते वाक्य छापलेली चित्रं तुमच्या वाहिनीच्या पानांवरून काढा.

दुसऱ्या पर्वाचं लेखन सुरू आहे असं तुम्हीच जाहीर केलंय. त्यासाठी सल्लागार म्हणून एखादा निवृत्त अधिकारी घ्याल, तो घ्याच. पण एक निवृत्त सुभेदार, एक नर्सिंग असिस्टंट आणि एलएमजी चालवलेला एक साधा जवानही घ्या. टोपी कशी घालायची आणि सलाम कसा करायचा एवढ्यापुरतं त्यांना चित्रीकरणाला बोलावू नका. प्रसंग लिहिताना त्यांना बसवा, मानधन द्या, श्रेयनामावलीत नाव द्या.

दुसऱ्या पर्वात त्या रिकाम्या मोर्च्याची किंमत एकदा तरी येऊ द्या. नायक तोच ठेवा. त्याला कळू द्या की त्याच्या डावीकडे कोण होतं. सुभेदाराला दोन वाक्यं बोलू द्या. कन्नड बोलणाऱ्या जवानाला घर द्या, आई द्या, एक गंभीर प्रसंग द्या.

आणि माझ्या तक्रारीला रीतसर उत्तर द्या. केबल दूरचित्रवाणी नियमांत २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीप्रमाणे वाहिनीने प्रेक्षकाची तक्रार पंधरा दिवसांत निकाली काढायची असते. एका ओळीने ती निकाली निघत नाही. हे पत्र मी त्याच नियमाखाली तक्रार म्हणूनही वेगळं पाठवत आहे.

शेवटी विनंती. लेखकांनी बेळगावात यावं. सेंटरमधलं शर्कत युद्धस्मारक बघायला रीतसर परवानगी मिळते, त्यासाठी लागेल ती मदत मी करेन. खानापूर, हुक्केरी, निपाणीकडचे माझ्या ओळखीचे पेन्शनर आहेत. मराठी आहेत, कन्नड आहेत, त्यांना बोलायचं आहे आणि ते न सजवता बोलतील. माझ्या घरी उतरण्याची सोय होईल. बैलहोंगलला त्या आईकडे जायचं असेल तर आधी तिला विचारीन. ती हो म्हणाली तरच नेईन, आणि तिथे कॅमेरा येणार नाही.

मैत्री दिन ऑगस्टच्या पहिल्या रविवारी आहे. त्याआधी उत्तर यावं ही अपेक्षा.

आपला,
एक निवृत्त सुभेदार, मराठा लाइट इन्फंट्री
खानापूर तालुका, जिल्हा बेळगाव